मागच्या रांगेतली माणसं

मंडळी, नमस्कार.

मघाशी संयोजकांनी ओळख करून देताना मला 'छायाचित्रकार' म्हटलं. पेठेत असं कुणी म्हणत नाही. 'ए फोटो, हिकडं ये' म्हणतात. तीस वर्षं मी त्याच हाकेला ओ देतोय.

आपलं कोल्हापूर कॅमेऱ्याच्या बाबतीत जरा हौशीच. पुतळे सगळ्याच गावांत असतात, पण आपण खरी कॉर्नरला चक्क कॅमेऱ्याचा स्तंभ उभा केलाय. बाबूराव पेंटरांनी इथंच खटपट करून कॅमेरा बनवला आणि 1920 साली त्यांचा पहिला मूकपट पडद्यावर आला, त्याची ती आठवण. बाहेरचा पाहुणा आला की मी त्याला अंबाबाईच्या देवळानंतर तिथं नेतो. तो बिचारा तांबडा-पांढरा रस्सा कधी मिळणार ते विचारत असतो, ही गोष्ट वेगळी.

मी सुरुवात केली तेव्हा रोलचा जमाना होता. एका रोलमध्ये 36 फोटो. मंडळाच्या कार्यक्रमाला दोन रोल नेले, तर दीड रोल स्टेजवरच संपायचा. हार घालताना एक, नारळ फोडताना एक, पाहुण्यांनी डोळे मिटले म्हणून परत एक. अध्यक्ष वरून खुणावायचे, 'आमचा निघाला का?' उरलेल्या सतरा-अठरांत मी पंगत, स्वयंपाकाची चूल, मांडवाच्या कडेला झोपलेली पोरं असलं काहीबाही टिपायचो. त्याचे पैसे कुणी देत नसे, म्हणून त्याचे प्रिंटही काढत नसे. निगेटिव्ह मात्र पाकिटात घालून, वर तारीख आणि पेठ लिहून माळ्यावर टाकायचो. हे काही दूरदृष्टीनं केलं नाही. टाकून द्यायचा जीव होत नव्हता, एवढंच.

आता तुमच्यापैकी बरेचजण जिथं होते, तिथली गोष्ट सांगतो. 6 मे 2022. शाहू महाराजांना जाऊन 100 वर्षं झाली, म्हणून सकाळी दहा वाजता सगळ्या गावानं 100 सेकंद स्तब्ध उभं राहायचं ठरलं होतं. आदल्या रात्री मला झोप नाही. कारण बघा, फोटोत सगळंच थांबलेलं असतं. धावणारा माणूसही थांबलेला असतो. मग थांबलेल्या गावाचा फोटो काढला, तर तो रोजच्या गावापेक्षा वेगळा कसा दिसणार? व्हिडिओवाल्यांचं सोपं होतं. माझं काय?

दसरा चौकात बाकी सगळे कॅमेरे असणार, म्हणून मी आमच्याच पेठेतल्या एका चहाच्या गाड्यापाशी जाऊन उभा राहिलो. दहा वाजले. गाड्या बंद झाल्या. एकजण स्कूटरवरून अर्धा उतरलेला, तो तसाच. शाळकरी पोरगं हाताची घडी घालून. चहावाला हात जोडल्यासारखा, ताठ. आणि त्याच्या समोर स्टोव्हवर पातेलं. चहा वर येऊ लागला. मला तो दिसत होता, त्यालाही दिसत होता. पातेल्याच्या काठापर्यंत आला, फसफसला, उतू गेला, स्टोव्हवर सांडून चर्र झालं. आख्ख्या गल्लीत तेवढाच आवाज. गडी हलला नाही. तिथं मला फोटो मिळाला. उतू जाणारा चहा आणि तो न उचलणारा हात. मीही स्तब्ध राहायला हवं होतं हे खरं. माझं एक बोट हललं, तेवढं महाराज माफ करतील.

शंभर सेकंद झाल्यावर चहावाल्यानं पहिलं काय केलं असेल, तर मला शिवी घातली. 'तू तर बंद करायचास की रं!'

जोतिबाचं मात्र निराळं. चैत्र यात्रेत गुलाल इतका उडतो की उजेडच गुलाबी होतो आणि कॅमेरा बावचळतो. नवी पोरं विचारतात म्हणून सांगतो. कॅमेऱ्याला दुधाची पिशवी धुऊन, वाळवून चढवा, भिंगापुरतं भोक पाडा आणि रबरानं आवळा. आणि गुलाल बसला तर रुमालानं पुसू नका, आधी हवेनं उडवा. माझी पहिली झूम लेन्स त्या रुमालानंच गेली. पेपरवाल्यांना सासनकाठी, म्हणजे यात्रेत नाचवतात ती देवाची उंच काठी, अख्खी लागते, खालपासून तुऱ्यापर्यंत. एवढी उंच काठी बसवायची म्हणजे खालचा माणूस मुंगीएवढा होतो. मी काठी कापतो. कंबरेला बांधलेला पट्टा, मानेच्या ताणलेल्या शिरा, दोर धरणाऱ्यांचे वर लागलेले डोळे, एवढं आलं की काठी किती उंच आहे ते सांगावं लागत नाही. असा एक फोटो एका दैनिकाला दिला, खाली पाचही जणांची नावं आणि गाव लिहून. छापून आलं, 'यात्रेत सहभागी उत्साही भाविक'. पाचातला एकजण अंक घेऊन आला आणि म्हणाला, 'आमची नावं जागेत बसली नाहीत व्हय?' मला तोंड दाखवायला जागा उरली नाही.

फुटबॉलचं थोडक्यात सांगतो, नाहीतर इथं दोन गट पडतील. शाहू स्टेडियमवर गोल झाला की बाहेरचा फोटोग्राफर चेंडूकडं बघतो. आपल्याला कुठली पेठ कुठल्या कोपऱ्यात बसते ते ठाऊक असतं, त्यामुळं आपण आधीच तिकडं वळलेलो असतो.

अभिमानाची दुसरी बाजूही मी पाहिलीय. रंकाळा तलावाचा सूर्यास्त मी शेकड्यानं दिला, कौतुक झालं. एकदा केंदाळानं, म्हणजे जलपर्णीनं, भरलेला रंकाळा दिला, तर चौघे दुकानात आले. 'गावाची बदनामी कशाला करतोस?' चहा पाजून पाठवलं. दोन महिन्यांनी त्यातलाच एक तोच फोटो मागायला आला, महापालिकेला द्यायच्या निवेदनाला जोडायला. मी प्रिंटचे पैसे घेतले. घ्यायलाच पाहिजेत.

आणि मग ऑगस्ट 2019 चा महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, पाणी 55 च्या वर गेलं. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती जागेवर विरघळल्या. त्या आठवड्यात मीही नावेतून खूप फोटो काढले, सगळ्यांनी काढले. माझं खरं काम पाणी उतरल्यावर लागलं. गच्च्यांवर, दोऱ्यांवर चिखलानं माखलेले अल्बम वाळत होते. अल्बम भिजला की फोटो प्लॅस्टिकला चिकटतो आणि ओढला की चेहरा निघून येतो, कोरा कागद मागं राहतो. लोक ते कागद घेऊन यायला लागले. 'तुमच्याकडं आमचं काही असंल का?'

शुक्रवार पेठेतल्या एक ताई आल्या. वडिलांचा भिंतीवरचा एकच फोटो होता, तो गेला. वडील मंडळाच्या महाप्रसादाला दरवर्षी वाढपी असायचे, एवढं त्या सांगू शकल्या. मी माळ्यावर चढलो. चार दिवस भिंग लावून निगेटिव्ह बघितल्या. 1998 च्या पाकिटात स्टेजवरच्या सत्काराचा फोटो सापडला. पाहुण्यांच्या खांद्यामागं लांब पंगत दिसत होती, आणि तिथं आमटीची बादली घेतलेला एक माणूस वाकलेला. नखाएवढा. मोठा केला तर दाणेच दाणे दिसायला लागले, नाकडोळे धड नाहीत. मी म्हटलं, ताई, यात काही कळत नाही. त्या म्हणाल्या, 'बादली डाव्या हातात हाय. त्येच.'

पाहुणे कोण होते, ते मला आजही आठवत नाही.

तेव्हापासून दर रविवारी जुनी पाकिटं काढून पेठेतल्या म्हाताऱ्यांबरोबर बसतो. ते नाव सांगतात, मी लिहितो. भांडणंही होतात. 'तो आण्णा न्हवंच, त्येचा भाऊ.' पण ओळखणारे कमी व्हायला लागलेत. आज येताना दीडशे प्रिंट आणलेत. बाहेर चपलांच्या जवळ टेबलावर खोके ठेवलेत. जाताना जरा बघा. कुणी ओळखीचं दिसलं तर मागं नाव लिहा, गल्ली लिहा. शिसपेन्सिल ठेवलीय, तीच वापरा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढं चेहऱ्यावर उमटतं.