बाटलीच्या मागची बारीक अक्षरं

श्रोतेहो, नमस्कार. मुलंबाळं झोपायच्या वाटेला लागली असतील, तेव्हा आजचा विषय मोकळेपणानं मांडतो. विषय आहे बिअर. नाशिकात वाईनवर बोलायला कुणीही पुढे सरसावतो. गंगापूर धरणाच्या काठावर ग्लास हातात धरून फोटो काढणाऱ्यांची तर जत्राच असते. बिअर पितात भरपूर, पण ती येते कुठून आणि पैसे जातात कुणाच्या घरी, हे कुणी विचारत नाही. एकवीस वर्षं पूर्ण आणि परवाना या दोन गोष्टी तुम्हाला ठाऊक आहेत असं धरतो.

बिअर शॉपीच्या फ्रीजसमोर उभे राहा. वीस-पंचवीस लेबलं दिसतील. बहुतेकांची घरं मात्र तीनच. किंगफिशर युनायटेड ब्रुअरीजची. ही कंपनी १९१५ सालची आणि आता डच हायनेकेनच्या ताब्यात. जून २०२१ मध्ये त्यांचा वाटा ६१ टक्क्यांच्या वर गेला. अजूनही ती मल्ल्यांचीच समजणारे पुष्कळ भेटतात. हेवर्ड्स ५०००, नॉकआउट आणि बडवायझर या तिन्ही एबी इनबेव्हच्या, म्हणजे बेल्जियमच्या. टुबोर्ग आणि कार्ल्सबर्ग डेन्मार्कच्या. पुन्हा सांगतो: नेदरलँड्स, बेल्जियम, डेन्मार्क. टुबोर्ग सोडून कार्ल्सबर्ग घेतली तर लेबल बदलतं, मालक तोच राहतो.

ही तीन घरं एकमेकांशी भांडतात असं वाटत असेल, तर सप्टेंबर २०२१ मधला भारतीय स्पर्धा आयोगाचा निकाल ऐका. संगनमतानं दर ठरवल्याबद्दल एकूण ८७३ कोटींच्या वर दंड झाला. त्यातले सुमारे ७५२ कोटी युनायटेड ब्रुअरीजला. एबी इनबेव्हनं आधीच जाऊन कबुली दिली होती, म्हणून तिला सगळा दंड माफ.

आता गोष्ट. आज फ्रीजमध्ये जी पिवळीधमक, नितळ, फेसाळ बिअर दिसते, तिचं मूळ बोहेमियातल्या प्लझेन नावाच्या गावात आहे. आजचा चेक देश. १२९५ सालापासून तिथल्या ठरावीक घरांना बिअर गाळायचा हक्क होता, आपल्याकडच्या वतनासारखा. वतन आलं की आळस येतोच. बिअर इतकी बिघडत गेली, की १८३८ साली लोकांनी टाऊन हॉलसमोर छत्तीस पिंपं आणली आणि भर चौकात ओतून दिली. छत्तीस पिंपं, श्रोतेहो!

पण नुसती ओतून लोक घरी गेले नाहीत. हक्कदारांनी एकत्र येऊन सगळ्यांची मिळून एक ब्रुअरी बांधायचं ठरवलं. नावच पडलं नागरिकांची ब्रुअरी. म्हणजे आपल्या सहकारी कारखान्यासारखाच कारभार. (सहकारी कारखाना सभासदांचा किती दिवस राहतो, हे आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. असो.) बांधकाम मार्टिन स्टेल्झरचं. बिअर करायला शेजारच्या बव्हेरियातून (आजच्या जर्मनीतला भाग) योझेफ ग्रोल नावाचा एकोणतीस वर्षांचा गडी आणला. माणूस महाउद्धट. त्याचा बापच म्हणायचा म्हणे, की अख्ख्या बव्हेरियात याच्याइतका उर्मट दुसरा नाही.

या उर्मट माणसाच्या हाताशी चार गोष्टी लागल्या. पहिली, प्लझेनचं पाणी: अतिशय मृदू, क्षार जवळजवळ नाहीतच. दुसरी, माल्ट: मोड आणलेली बार्ली. पूर्वी ती धुरावर वाळवली की काळपट व्हायची; त्यांनी इंग्लिश पद्धतीची भट्टी वापरली, त्यात धूर दाण्याला लागत नाही, रंग फिकट राहतो. तिसरी, जवळच्याच झाटेत्सचे हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं; यांचा कडूपणा सौम्य आणि वास सुरेख. चौथी, बव्हेरियन यीस्ट. ते थंडीत काम करतं आणि शेवटी तळाशी बसतं, म्हणून वरची बिअर नितळ होते. थंडी हवी म्हणून जमिनीखाली तळघरं खोदली. ५ ऑक्टोबर १८४२ ला पहिला घाणा चढला. ११ नोव्हेंबरला, सेंट मार्टिनच्या दिवशी, लोकांनी चाखला. तोवर तिथली बिअर म्हणजे काळपट आणि गढूळ. या नव्या बिअरमधून पलीकडचा माणूस दिसत होता! पाणी, माल्ट, हॉप्स, यीस्ट. लक्षात ठेवा, या चौघांत मालक कुठेच नाही.

ग्रोलचं पुढे काय झालं? १८४५ ला करार संपला, गावानं तो वाढवला नाही. स्वारी घरी परत. १८८७ मध्ये आपल्या गावच्या गुत्त्यात, नेहमीच्या टेबलावर बसल्या बसल्याच गेला म्हणतात.

आणि नागरिकांची ब्रुअरी? दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं घेतली. १९९९ मध्ये ती दक्षिण आफ्रिकेच्या कंपनीकडे गेली, जी पुढे सॅबमिलर झाली. आपलं हेवर्ड्सही याच सॅबमिलरनं घेतलं होतं. म्हणजे काही वर्षं प्लझेनच्या याच ब्रुअरीची बिअर पिल्सनर उर्केल आणि नाक्यावरची हेवर्ड्स ५००० सख्ख्या बहिणी होत्या! २०१६ मध्ये एबी इनबेव्हनं सॅबमिलर गिळली. युरोपीय आयोगानं अट घातली, एवढं सगळं एका तोंडात नको. मग २०१७ मध्ये पिल्सनर जपानच्या असाहीला विकली गेली. हेवर्ड्स बेल्जियमला, पिल्सनर जपानला. पिल्सनर बनते मात्र आजही प्लझेनमध्येच.

आपल्याकडे नेमकं उलटं. नाव परदेशी, बाटली वाळूजची, म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या औद्योगिक वसाहतीतली. विश्वास नसेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. पुष्कळदा छत्रपती संभाजीनगर किंवा तळोजा दिसेल. वाळूजच्या कारखान्यांचं पाणी जायकवाडीचं, आणि जायकवाडीला पाणी सोडायचं आपल्या गंगापूर-दारणातून. २०१५ मध्ये वरच्या धरणांतून १२.८४ टीएमसी सोडायचा आदेश झाला, तेव्हा नाशिककर का चिडले होते ते आठवा. एप्रिल २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं दारू-बिअर कारखान्यांचं पाणी आधी निम्म्यानं, मग ६० टक्क्यांनी कापलं. गोदावरी खाली जाते आणि बाटलीतून वर येते, एवढंच म्हणतो.

लेबलवर तीन गोष्टी बघायच्या: बनवली कुठे, बनवली कधी, अल्कोहोल किती. कुठे, कधी, किती. पाच टक्क्यांपर्यंत माइल्ड, पाचच्या वर आठपर्यंत स्ट्राँग. स्ट्राँगमध्ये जोर आणायला साखर, तांदूळ, मका घालतात. म्हणून जोर चढतो आणि बिअर मात्र तोंडाला पातळ लागते. तारीख सगळ्यात महत्त्वाची. बिअर मुरत नाही, शिळी होते. मुदत साधारण सहा महिन्यांची, पण एप्रिलच्या उन्हात क्रेट टपरीबाहेर पडून राहिला तर त्याआधीच ओल्या पुठ्ठ्याचा वास मारते. हिरव्या किंवा पांढऱ्या काचेतून उजेड आत जातो, हॉप्सचा कडू अंश फुटतो आणि गंधकाचा घाण वास येतो. तपकिरी काच बरी, कॅन सगळ्यात बरा. महिन्याभरापूर्वीची साधी वाळूजची बिअर पाच महिन्यांच्या महागड्या ‘प्रीमियम’पेक्षा चांगली लागते. फ्रीजच्या मागच्या रांगेतली मागायला लाजू नका.

घरचे मालक असलेल्याही आहेत. सिक्कीमची युकसोम ब्रुअरीज डॅनी डेन्झोंग्पांची, हो, सिनेमातले तेच. १९८७ पासून चालू आहे, पण तिची ‘हिट’ नावाची बिअर इकडे मिळायची नाही, कारण प्रत्येक राज्याचं लेबल वेगळं नोंदवावं लागतं, शुल्क वेगळं भरावं लागतं. छोट्याला ते पेलत नाही. म्हणून आपल्याला प्रादेशिक म्हणजे मायक्रोब्रुअरीच, जागेवरच बिअर बनवून विकणारी छोटी ब्रुअरी. महाराष्ट्रात ही वाट पुण्याच्या डूलालीनं २००९ मध्ये पाडली. मायक्रोब्रुअरीतली गव्हाची बिअर गढूळच असते. यीस्ट गाळलेलं नसतं, खराब नव्हे. पार्सल ग्रोलरमधून, म्हणजे बिअर घरी न्यायच्या मोठ्या बाटलीतून नेलंत तर सरळ फ्रीजमध्ये, उभं. फ्रीजरमध्ये नको, काच फुटते. झाकण उघडलं की त्याच रात्री संपवायचं, आणि ग्लासला भांड्याच्या साबणाचा अंशही नको, नाहीतर फेस धरत नाही.

नमस्कार.