गच्चीवरची सावली कुणी मोजली?

श्रोतेहो, नमस्कार.

हल्ली सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचं भांडण झालं, गळतीचं झालं, की मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंच, "अहो, त्या सोलारचं काय झालं?" आमच्याकडेही विचारलं. माझा जन्म विजेच्या कामात गेलेला, त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "कुठलं पॅनेल घ्यायचं तेवढं सांगा." म्हटलं, ते शेवटी. आधी गच्चीची किल्ली द्या.

तीन कोटेशनं आली होती आणि तिन्हींत २५ किलोवॉट लिहिलेलं. गच्चीवर मात्र तिघांपैकी एकही चढला नव्हता. एका किलोवॉटला ढोबळ मानाने १०० चौरस फूट जागा लागते. आमची गच्ची कागदावर २,६०० फूट, म्हणून २५. टाकी, लिफ्टची खोली, जिन्याची खोली, डिशच्या छत्र्या आणि पॅनेल पुसायला जाण्यापुरती वाट वजा केली, तर उरले १,८०० फूट. आणि सावली अजून मोजलीच नव्हती.

ती मोजली सातव्या मजल्यावरच्या काकूंनी. आम्ही फीत घेऊन फिरत होतो, महिना मेचा, वेळ भर दुपारची. सगळी गच्ची तापलेली, सावलीचं नाव नाही. काकू कुरडया उलटत होत्या. म्हणाल्या, "त्या कोपऱ्यात नका हो ठेवू. थंडीत मी तिथे गोधड्यासुद्धा घालत नाही. टाकीची सावली हलतच नाही तिथून."

काकू बरोबर होत्या. मुंबईत १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. मधल्या काळात तर तो आपल्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे मे महिन्यात पाहणी करणाऱ्याला कुठलीही गच्ची मोकळीच दिसणार. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला इतका कलतो, की भर दुपारीही क्षितिजापासून ४७ अंशांच्या आसपासच राहतो. दहा फुटी टाकीची सावली तेव्हा उत्तरेकडे नऊ फूट पडते, सकाळी नऊला जवळपास २५ फूट. आणि पावसाळ्यात ढग असल्यामुळे, आपल्याला भरवशाची वीज मिळते ती नेमकी हिवाळा-उन्हाळ्यातच. आम्ही खडूने काकूंचा कोपरा आखला. उरले १,४०० फूट, म्हणजे १४ किलोवॉट.

कुणी म्हणेल, एवढ्याशा सावलीने काय बिघडतं? पॅनेलमधले सेल, म्हणजे उन्हाची वीज करणारे छोटे चौकोन, एकापुढे एक जोडलेले असतात. दादरच्या पुलावर एक जण मोबाइल बघत थांबला की मागची सगळी गर्दी तुंबते, तसं एक सेल झाकला की त्याच्या ओळीतल्या सगळ्यांचा प्रवाह अडतो. पॅनेलमध्ये साधारण तीन बायपास डायोड असतात. ते त्या अडलेल्या भागाला वळसा देतात, पण मग तेवढा तिसरा हिस्सा हातचा गेलाच. अर्ध्या कापलेल्या सेलांची, म्हणजे हाफ-कट पॅनेल ह्या बाबतीत बरी. कबुतरांची विष्ठाही सावलीच. सेलवर ती वाळून बसली की तेवढीच जागा तापते आणि पॅनेल कायमचं डागतं. वर्षभर पुसायला कोण येणार, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. मेट्रोचं किंवा पुनर्विकासाचं काम जवळ असेल, तर नक्कीच.

पुनर्विकासावरून आठवलं. दक्षिणेच्या प्लॉटवर जुनी इमारत असेल, तर तिच्या फाटकावर कसला फलक लागलाय ते बघून या. उद्या तिथे वीस मजले उभे राहिले, तर तुमच्या पॅनेलची २५ वर्षांची हमी काय कामाची? आणि आपली स्वतःची इमारत? तिशी ओलांडली असेल तर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी आहेच. तो अहवाल सोलारवाल्याच्या हातात द्या. आपलीच पाच वर्षांत पाडायची बोलणी चालू असतील, तर मी थांबा म्हणेन.

आता पॅनेल. मुंबईत जागा कमी, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त वॉट देणारं मोनो, म्हणजे एकाच स्फटिकातून कापलेल्या सिलिकॉनचं पॅनेल घ्या. अनेक स्फटिकांच्या पॉलीचा विचार नको. मग निवड उरते पर्क आणि टॉपकॉन ह्या मोनोच्याच दोन प्रकारांत. पॅनेलचा वॉट २५ अंश तापमानाला मोजलेला असतो. मेमध्ये आपल्या गच्चीवर पॅनेल ६० अंशांवर जातं. दर अंशाला पर्क साधारण ०.३५ टक्के गमावतं, टॉपकॉन ०.३०. म्हणजे ३५ अंशांत एकाचे १२ टक्के गेले, दुसऱ्याचे साडेदहा. फरक आहे, पण त्यासाठी वाटेल ती किंमत मोजण्याइतका नाही. उष्णता पॅनेलला म्हातारंही करते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी देशभर हिंडून जुनी पॅनेल तपासली, त्यात उष्ण भागातली जास्त उतरलेली आढळली.

वरळी, वर्सोवा अशा किनाऱ्यालगत आणखी एक कागद मागा: खाऱ्या हवेच्या चाचणीचा, आयईसी ६१७०१ ह्या आंतरराष्ट्रीय मानकाचा. आणि पॅनेलपेक्षा त्याखालचा सांगाडा जास्त निरखा, कारण पैसे तिथेच वाचवतात. जस्तात बुडवून काढलेलं लोखंड हवं, नट-बोल्ट स्टेनलेस. रंग मारलेला पाइप दोन पावसाळ्यांत तांबडा होतो.

पैशाचं थोडक्यात सांगतो. १४ किलोवॉट वर्षाच्या सरासरीने दिवसाला ५५ युनिटच्या आसपास देतात. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांना आमच्याकडे तेवढं पुरतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे आमचे २ लाख ५२ हजार. त्यासाठी सेलसुद्धा भारतात बनलेले लागतात. दुकान-कारखान्याला हे अनुदान नाही, पण आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. नेट मीटरचा, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरचा अर्ज आपापल्या वीजकंपनीकडे: शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण.

आणि सभेत एक गोष्ट आधीच सांगून टाका, नाहीतर नंतर शिव्या खाल. वीज गेली की हे सोलारही बंद पडतं. बाहेर तारांवर काम करणाऱ्याला आपल्या गच्चीवरून झटका बसू नये, म्हणून सोलारचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज आपल्या वापराजोगी करणारी पेटी, मुद्दाम बंद होतो. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा डोक्यावर ऊन होतं, पण साध्या जोडणीच्या पॅनेलांचा लिफ्टला उपयोग नव्हता. बॅटरी हवी असेल तर तो वेगळा खर्च.

आमचं काम सुरू झालं त्या आठवड्यात मी गावी होतो. कंत्राटदाराच्या माणसांनी सांगाडा बसवायला कोब्यात सरळ बारा भोकं पाडली. खरं तर भोकं न पाडता काँक्रीटचे ठोकळे नुसते वर ठेवून त्यांच्या वजनावर सांगाडा उभा राहतो, फक्त वाऱ्याचा हिशेब करून ठोकळे जड घ्यावे लागतात. तसं ठरलंही होतं, पण तोंडी. जुलैत पाणी उतरलं, तेही काकूंच्याच स्वयंपाकघरात.

"सावली मी दाखवली," काकू म्हणाल्या, "आणि पाऊस माझ्याच घरात?"

भोकं बुजवली, वॉटरप्रूफिंग नव्याने केलं, ठोकळे आले. काकूंच्या छताला रंग सोसायटीने लावून दिला. सोलारचे पैसे किती वर्षांत वसूल होणार असं कुणी विचारलं, की मी त्या रंगाचे पैसेही त्यात धरून सांगतो.

नमस्कार.