केर्किउस ते थिएर्थो

श्रोतेहो, नमस्कार. आज दोन हजार वर्षांहून जुन्या एका वाऱ्याच्या नावाबद्दल बोलणार आहे.

इसवी सन पूर्व १९५ मध्ये रोमचा कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च निवडून आलेला अधिकारी, काटो स्पेनच्या मोहिमेवर गेला. तिथल्या एका वाऱ्याबद्दल त्याने पुढे लिहिलं: बोलायला जावं तर हा तोंडात भरतो, शस्त्रधारी माणसाला, लादलेल्या गाडीलाही आडवं करतो. नाव, केर्किउस. हे वाक्य टिकलं ते दुसऱ्या शतकातल्या औलुस गेल्लिउस या रोमन लेखकाने उतरवून घेतलं म्हणून. त्याचे उपकारच म्हणायचे!

हा वारा ईशान्य स्पेनचा. उत्तरेला पिरेनीज पर्वत, दक्षिणेला इबेरियन डोंगररांगा आणि मधून वाहणारी एब्रो नदी. बिस्केच्या उपसागरावर हवेचा दाब वाढला आणि भूमध्य समुद्रावर उतरला, की वायव्येची थंड, कोरडी हवा या खोऱ्यात घुसते आणि दोन्हीकडच्या डोंगरांत कोंडून वेग घेते. याच खोऱ्यातल्या थारागोथा शहरातले लोक तिला आजही 'थिएर्थो' म्हणतात.

दक्षिण फ्रान्समध्ये नार्बोनच्या बाजूलाही असाच वारा आहे. रोमन लोक त्याला किर्किउस म्हणत. आज तो 'सेर्स'. कातालान भाषेतही सेर्सच. स्पॅनिश रूप मात्र मला फार मोलाचं वाटतं. लॅटिनमधल्या आघातयुक्त, म्हणजे जोर देऊन उच्चारलेल्या, ऱ्हस्व 'ए'चा स्पॅनिशमध्ये 'इए' होतो: तेर्रा, म्हणजे जमीन, तिची झाली तिएर्रा. म्हणजे थिएर्थो आला तो किर्किउसवरून नव्हे, केर्किउसवरून. काटोने लिहिलेला 'ए' स्पेनमध्ये खरोखरच लोकांच्या तोंडी होता, याची साक्ष आजचा उच्चार देतो.

उत्तरेच्या वाऱ्याचं 'अक्विलो' हे रोमन नाव स्पॅनिशमध्ये उरलं ते कवितेपुरतं. थिएर्थो रोजच्या बोलण्यात राहिला, कारण त्याच्याशी रोजची गाठ.

आणि त्याचा नुसता धाकच नव्हता. रोमन तत्त्वज्ञ सेनेका सांगतो, किर्किउस घरं हादरवतो, तरी गॉलचे, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे, लोक त्याचे आभार मानतात. आपल्याकडची हवा निरोगी आहे ती याच्यामुळेच, असं ते समजतात. सम्राट ऑगस्टसने तर गॉलमध्ये असताना या वाऱ्याचं देऊळ बांधायचा नवस केला आणि तो फेडलाही. थारागोथा हे शहर वसवलं तेही त्याच ऑगस्टसने. तिथे हिवाळ्यात एब्रोवर दाट धुकं साचतं आणि थिएर्थो सुटला की आभाळ मोकळं होतं. शहराजवळच्या ला मुएलाच्या पठारावर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांची पाती फिरवतो तोही हाच वारा.