यॉर्कमधली देवस्थानाची चाळ

स्लाइड जरा मोठी करा... हां. ही लेडी रो, यॉर्क शहरात गुडरमगेट म्हणून रस्ता आहे त्याच्यावर. आता तुमच्यातले निम्मे लोक म्हणणार, यात काय बघायचंय, एक बुटकी दुमजली रांग, खाली दुकानं, वर कौलं. मी पण पहिल्यांदा समोरून सरळ निघून गेलो होतो, कारण इंग्लंडची लाकडी घरं म्हटलं की डोक्यात ते कॅलेंडरवरचे काळे खांब आणि पांढऱ्या भिंती असतात ना. तो काळा रंग बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरियन काळातली हौस आहे, ओकचं लाकूड तसंच ठेवलं तर राखाडी पडतं. इथे तर सांगाडा गिलाव्याच्या आत आहे.

बांधली 1316 ला. पावसाने पिकं कुजून इंग्लंडभर दुष्काळ पडला होता, त्याच वर्षांत. मागे होली ट्रिनिटी चर्च आहे, त्यांनी आपल्या दफनभूमीची रस्त्याकडची कड घेतली आणि तिथे भाड्याने द्यायला ही घरं काढली. भाड्यातून कुणाचा पगार? तर चर्चमधल्या मेरीच्या वेदीवर रोज प्रार्थना म्हणणाऱ्या पाद्र्याचा. लेडी ती मेरी, येशूची आई. म्हणजे सरळ देवस्थानाची चाळ हो. खाली एक खोली, वर एक खोली, बिऱ्हाड संपलं. श्रीमंतांची लाकडी घरं खूप उरली, भाडेकरूंची एवढी जुनी फारच थोडी, म्हणून मला ही ओळ मोठ्या हवेल्यांपेक्षा मोलाची वाटते.

आता वरचा मजला बघा, रस्त्यावर पुढे आलाय. वरच्या जमिनीखालचे वासे खालच्या भिंतीशी न थांबवता बाहेर काढले आणि त्यांच्या टोकांवर वरची भिंत उभी केली. याला जेटी म्हणतात, बोटीशी काही संबंध नाही. वर जागा वाढते, खालच्या भिंतीवर पाऊस कमी येतो, हे आलंच, पण गंमत वजनात आहे: टोकावर भिंतीचं ओझं पडलं की वासा तरफेसारखा खालच्या भिंतीवर टेकतो, मग खोलीच्या मधोमध चालताना जमीन कमी लवते.

असल्या घरांच्या भिंती म्हणजे आपल्या कोकणातला कूडच, फांद्या विणायच्या आणि माती, शेण, गवत कालवून लिंपायचं. लाकूड मात्र ओलंच वापरायचे, ओक वाळला की इतका कडक होतो की तासणार कोण! सुतार आधी जमिनीवर फ्रेम जुळवायचे, सांध्यांवर रोमन आकडे कोरायचे, सोडवून जागेवर परत उभी करायचे, खिळ्यांऐवजी ओकच्याच खुंट्या. मग ते घर उभ्या उभ्या वाळत जातं, आक्रसतं, पिळतं.

1547 ला असल्या प्रार्थनांच्या देणग्या कायद्याने बंद झाल्या. पाद्री गेला, घरं राहिली. तिथे गेलात तर 1766 च्या विटांच्या कमानीतून आत शिरा, दफनभूमीत उभं राहून मागे वळा आणि कौलांची वरची कड नजरेने धरून शेवटपर्यंत जा. कुठे सरळ सापडते का बघा.