कॅम बदलताना : टूरिंग इंजिनसाठी निवड आणि जोडणी

(दृश्य : कॅम कव्हर निघतं. आत चेन, दोन स्प्रॉकेट, त्यांवर तेलाचा थर.)

हे हार्ली-डेव्हिडसनचं ट्विन कॅम ९६ इंजिन. १,५८४ सीसी, व्ही-ट्विन, आणि नावाप्रमाणे दोन कॅमशाफ्ट, म्हणजे उंचवटे असलेले फिरते दांडे. १९९९च्या मॉडेलपासून ट्विन कॅम इंजिनं आली, २००७ साली हे ९६ क्यूबिक इंचांचं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. तेवढ्यात कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा, किती उघडायचा आणि कधी मिटायचा, हे सगळं कॅमच्या उंचवट्यांनी ठरतं.

(दृश्य : टेबलावर जुना आणि नवा कॅम शेजारी शेजारी.)

नीट पाहा. उंचवटा जितका उंच, तितका व्हॉल्व्ह जास्त उघडतो. जितका रुंद, तितका जास्त वेळ उघडा राहतो. कॅम विकताना कमाल हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरांत छापतात, पण ती मिळते मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास. टूरिंग गाडी तिथे जातेच किती वेळ? गाडीच साडेतीनशे किलोंच्या पुढची, वर दोन माणसं आणि भरलेल्या पेट्या. हमरस्त्यावर सहाव्या गिअरमध्ये इंजिन अडीच हजार फेऱ्यांच्या आत-बाहेर फिरतं. गाडीने ओढायला हवं ते तिथे.

म्हणून आधी बघायचा तो इनटेक व्हॉल्व्ह, म्हणजे मिश्रण आत घेणारा व्हॉल्व्ह, क्रँकच्या फेरीत कितव्या अंशाला मिटतो ते. पिस्टन तळ गाठून वर निघाला तरी हा व्हॉल्व्ह थोडा वेळ उघडाच असतो. तो उशिरा मिटला, तर कमी फेऱ्यांना आत आलेलं मिश्रण पिस्टन परत बाहेर लोटतो. दाब घटतो, कमी फेऱ्यांना गाडीचा जोर मरतो. जास्त फेऱ्यांना मात्र हवेलाच इतका वेग असतो की ती पिस्टनला न जुमानता आत शिरत राहते. मूळ कॉम्प्रेशनवर (मिश्रण किती पट दाबलं जातं त्या प्रमाणावर) चालणाऱ्या टूरिंग गाडीला लवकर, म्हणजे तळबिंदूनंतर तीस-पस्तीस अंशांच्या सुमारास मिटणारा कॅमच शोभतो. कॅमची उंची जुन्या व्हॉल्व्ह स्प्रिंगना झेपेल ना, हेही तेव्हाच तपासायचं.

(दृश्य : कटरने पुशरॉड कापला जातो.)

पुशरॉड म्हणजे कॅमची हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्या. मूळ पुशरॉड सरळ काढायचे, तर इंजिनाच्या माथ्यावरचे रॉकर बॉक्स खोलावे लागतात. नवे पुशरॉड लांबी कमी-जास्त करता येणारे असतील, तर जुने असे कापून मोकळं होता येतं. कॅमवर टेकून पुशरॉड वर ढकलणारे लिफ्टर चुंबकाने वर धरले आहेत, म्हणजे कॅम बाहेर सरकतो.

(दृश्य : पुलर, आतलं बेअरिंग.)

इतकं खोललंच आहे, तर आतली बेअरिंगं बदलायचीच. इथे काटकसर करू नये. नवं बेअरिंग दाबून बसवताना ज्या बाजूला अक्षरं कोरलेली आहेत ती हत्याराकडे ठेवायची. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या पट्ट्यांवर नखाला लागतील असे चरे असतील, तर त्याही बदलायच्या. कॅम धरणाऱ्या प्लेटमागच्या ओ-रिंग (रबरी कड्या) नव्याच घालायच्या.

मग खुणा. दोन्ही कॅमवरचे ठिपके समोरासमोर, क्रँक आणि मागच्या कॅमच्या स्प्रॉकेटवरचेही तसेच. एक दात चुकला की टायमिंग गेलं. ऑइल पंपाचे बोल्ट आधी सैल ठेवून, मागचं चाक हाताने फिरवत पंप मधोमध येऊ द्यायचा, आणि मगच टॉर्क रेंच लावायचा.

(दृश्य : दोन बोटांत पुशरॉड. बराच वेळ कट नाही.)

पुशरॉड जुळवताना त्या सिलिंडरचे दोन्ही लिफ्टर कॅमच्या गोल भागावर हवेत. आधी ढिलाई संपवायची, मग पुशरॉडच्या कागदात दिलेले आटे फिरवायचे. आता मात्र हात आवरायचा. लिफ्टरमध्ये तेल भरलेलं असतं, ते झिरपून जाईपर्यंत व्हॉल्व्ह उघडाच राहतो. तेवढ्यात इंजिन फिरवलं, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकू शकतो. पाहा, सुरुवातीला पुशरॉड हलत नाही... आणि आता बोटांनी फिरतोय. आता दुसऱ्या सिलिंडरकडे जायला हरकत नाही.

(दृश्य : इंजिन सुरू होतं.)

नव्या कॅमला इंधनाचा मॅप, म्हणजे कधी किती इंधन सोडायचं याचा तक्ता, नव्याने बसवावा लागतो. तो नसेल, तर इंजिन तापतं आणि कॅमचा फायदा हाती लागत नाही. वॉरंटी आणि धुराचे नियम काय सांगतात, ते कॅम विकत घेण्याआधीच पाहून ठेवायचं.