संशय किती घ्यायचा?

(दृश्य : लातूरचा अडत बाजार, सोयाबीनची रास)

अडत्या मूठभर सोयाबीन उचलतो, एक दाणा दाताखाली फोडतो. "मामा, माल जरा वला हाय." भाव थोडा उतरतो, सौदा होतो. हमीभावाच्या केंद्रावर मात्र यंत्राचा आकडा चालतो. ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. ११.९ भरला तर माल आत, १२.१ भरला तर परत.

संगणकाच्या सुरक्षेत अजूनही बऱ्याच ठिकाणी केंद्रावरचाच हिशेब आहे. पाचदा पासवर्ड चुकला की खातं बंद. चोराला हे पाठ असतं. तो चारदा चुकतो, थांबतो, तासाभराने परत येतो. नियम मोडलाच नाही, तर इशारा कसा येणार?

बाकूत जन्मलेले लोत्फी झादे कॅलिफोर्नियात बर्कलीला शिकवत. त्यांनी १९६५ साली अशा काठावरच्या गोष्टींचं गणित मांडलं : एखादी गोष्ट गटात आहे की नाही एवढंच विचारू नका, किती आहे ते ० ते १ मध्ये सांगा. यावरच फझी, म्हणजे धूसर, लॉजिक उभं राहिलं.

(दृश्य : सर्व्हरची खोली, पडद्यावर सरकणारा लॉग, म्हणजे कोण कधी आलं-गेलं याची नोंद)

समजा, इथल्याच एका पतसंस्थेचा सर्व्हर. रात्रीचे सव्वादोन. शाखाधिकाऱ्याच्या नावाने कुणीतरी लॉगिन करू पाहतंय, चारदा पासवर्ड चुकलाय. 'चुका जास्त' या गटात हे चार ०.७ बसतात. 'अवेळ' या गटात सव्वादोन ०.९. नियम साध्या मराठीत : चुका जास्त आणि वेळ भलती, तर धोका मोठा. मध्ये 'आणि' आहे, म्हणून दोन्हींतला लहान आकडा धरायचा. ०.७. चोर असण्याची शक्यता सत्तर टक्के, असा याचा अर्थ नाही. या नियमाला किती वजन द्यायचं, तेवढंच तो सांगतो. सगळ्या नियमांची वजनं एकत्र येऊन धोक्याचा एक आकडा निघतो. त्यावरून ठरतं : पुन्हा ओटीपी मागायचा, व्यवहार रोखायचा, की शाखाधिकाऱ्याला झोपेतून उठवायचं.

या पद्धतीचं खरं मोल हे, की नियम वाचता येतात. संगणक न शिकलेला शाखाधिकारीही त्यावर बोट ठेवून म्हणू शकतो, "सर, सोयाबीनच्या दिवसांत आमचा क्लार्क रातचे दहा वाजवतो. दहाला अवेळ म्हणू नका." मग 'अवेळ'ची रेघ पुढे सरकवायची. बाहेरून आणलेल्या तयार सॉफ्टवेअरला आपला हंगाम कुठून कळणार?

काम सोपं नाही. पाच गोष्टी तपासायच्या आणि प्रत्येकीच्या कमी, मध्यम, जास्त अशा तीन पायऱ्या धरल्या, तर त्यांच्या सगळ्या जुळण्यांचे २४३ नियम होतात. एवढे हाताने कोण लिहिणार? म्हणून जुन्या लॉगवरून यंत्रालाच शिकवतात. पण त्या लॉगमध्ये चोर आधीच शिरलेला असेल, तर यंत्र त्याचीच वेळ नेहमीची धरून बसतं. तेव्हा यंत्राने शिकलेले नियम तपासायला शाखेतला माणूस बसवलाच पाहिजे. मार्चअखेरच्या रात्री कोण किती वाजेपर्यंत बसतं, हे त्यालाच ठाऊक असतं.