आरीचं काळीज

(दृश्य : पहाटेचं तळं. काठाला सूचिपर्णी झाडांची दाट रांग. पाण्यावर धुकं.)

अमेरिकेच्या वायव्येला, आयडाहो राज्याच्या उत्तर भागात हे तळं आहे. तळ्याचं, काठावरच्या शहराचं आणि इथल्या मूळ रहिवाशांना बाहेरच्यांनी दिलेलं नाव एकच आहे : कोर्डलेन. मूळ फ्रेंच शब्दांचा अर्थ होतो आरीचं काळीज. आरी म्हणजे चांभार कातडं टोचतो ती. कातड्यांचे फ्रेंच व्यापारी इथे आले, तेव्हा सौद्यात ही माणसं तसूभरही मागे सरत नसत, म्हणून त्यांना हे नाव पडलं, असं सांगतात. ती माणसं स्वतःला श्चित्सुउम्श म्हणवतात. इथे माणसं किती पिढ्यांपासून राहत आली आहेत, हे पुढची गोष्ट ऐकताना ध्यानात असू द्या.

कारण १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातून एक माणूस इथे आला आणि म्हणाला, ही भूमी फक्त गोऱ्यांची. रिचर्ड बटलर त्याचं नाव, पेशानं विमान उद्योगातला इंजिनिअर. शहराच्या उत्तरेला हेडन लेकजवळ त्यानं वीस एकर जागा घेतली, कुंपण घातलं, टेहळणीचा मनोरा उभारला. संघटनेचं नाव आर्यन नेशन्स. हिटलरची पूजा, ज्यूंचा आणि कृष्णवर्णीयांचा द्वेष, आणि वायव्येतल्या पाच राज्यांचा मिळून गोऱ्यांचा वेगळा देश करायचा, हे स्वप्न. या भागात गोऱ्यांशिवाय फारसं कुणी राहत नाही, म्हणून तर त्यानं तो निवडला होता.

(दृश्य : हेडन गावातला रस्ता. एका उपाहारगृहाची भिंत.)

१९८० च्या अखेरीस हेडनमधल्या एका ज्यू माणसाच्या उपाहारगृहावर रातोरात नाझी स्वस्तिकं रंगवली गेली. गावात तेव्हा बहुतेकांचं म्हणणं असं : दुर्लक्ष करा, बोलबाला कशाला, गावाचं नाव खराब होईल. हे वाक्य आपल्या कानांनाही नवं नाही.

इथल्याच रहिवासी दीना टॅनर्स यांना ते पटलं नाही. फेब्रुवारी १९८१ मध्ये त्यांनी फर्स्ट ख्रिश्चन चर्चमध्ये बैठक बोलावली. मोजकीच माणसं जमली. त्यातून उभी राहिली कूटनी काउंटी टास्क फोर्स ऑन ह्युमन रिलेशन्स. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. ना सरकारी अधिकार, ना पगारी माणसं. हाताशी फक्त लोकांचा फावला वेळ. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे टोनी स्टुअर्ट, वकील नॉर्म गिसेल, चर्चचे पाद्री, पोलिसातले अधिकारी असे एकेक जण जोडले गेले.

या समितीचा पहिला नियम मला फार मोलाचा वाटतो. ज्याच्यावर हल्ला झाला, त्याच्याकडे आधी जायचं. पत्रक, निषेध, सभा सगळं नंतर. आधी त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं, तुम्हाला काय हवंय?

लवकरच अशी एक आई समोर आली. ती गोरी, मुलं मिश्रवर्णीय. मुलांना वाटेत गाठून धमकावलं जात होतं. पोलिसांत तक्रार केली, तर आयडाहोच्या कायद्यात वंशावरून छळणं हा वेगळा गुन्हाच नव्हता. समितीनं त्या कुटुंबाची पाठराखण केली आणि सोबत राज्याच्या राजधानीत खेटे घालायला सुरुवात केली. १९८३ मध्ये कायदा झाला. वंश, वर्ण, धर्म किंवा राष्ट्रीयत्वावरून कुणाला हेतुपूर्वक धमकावलं, इजा केली किंवा मालमत्तेचं नुकसान केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद. एका घराच्या अंगणातलं दुखणं राज्याच्या कायद्यात पोचायला दोनेक वर्षं लागली.

(दृश्य : रात्र. एका साध्या घराचं मागचं दार.)

बिल वॉसमथ हे सेंट पायस चर्चचे कॅथलिक पाद्री. पुढे तेच समितीचे अध्यक्ष झाले. १५ सप्टेंबर १९८६ च्या रात्री त्यांच्या घराच्या मागच्या बाजूला पाइपबॉम्ब फुटला. वॉसमथ घरातच होते, पण घराच्या दुसऱ्या बाजूला, म्हणून वाचले. दोन आठवड्यांनी शहराच्या मध्यभागी आणखी तीन स्फोट झाले. कुणाचा जीव गेला नाही, हे नशीब.

घाबरून समिती मोडेल, असा बॉम्ब ठेवणाऱ्यांचा हिशेब असणार. झालं उलट. जी माणसं आजवर पडद्याआडून बघत होती, ती बाहेर आली. पुढच्याच वर्षी कोर्डलेन शहराला राऊल वॉलेनबर्ग नागरी पुरस्कार मिळाला. वॉलेनबर्ग म्हणजे दुसऱ्या महायुद्धात हजारो ज्यूंना वाचवणारे स्वीडनचे मुत्सद्दी. वॉसमथ पुढे सिएटलला गेले आणि वायव्येतल्या राज्यांमध्ये हेच काम करत राहिले. २००२ मध्ये ते गेले.

(दृश्य : शर्मन अॅव्हेन्यू. दोन्ही बाजूंना दुकानं, रस्ता रिकामा.)

जुलै १९९८. बटलरनं शहराच्या मुख्य रस्त्यावरून मोर्चा काढायचं ठरवलं. रस्ता अडवायचा नाही, घोषणांना घोषणांनी उत्तर द्यायचं नाही, ही समितीची जुनी पद्धत. पण या वेळी तिनं एक वही काढली. मोर्चा जितकी मिनिटं चालेल, तितक्या मिनिटांचे पैसे मानवी हक्कांच्या कामाला द्यायचे, असे शब्द लोकांकडून घेतले. कुणी मिनिटाला एक डॉलर लिहिला, कुणी जास्त. आता मोर्चातलं प्रत्येक पाऊल त्याच माणसांच्या विरोधातल्या कामाला पैसे मिळवून देत होतं. अर्ध्या तासाच्या आत मोर्चा आटोपला.

त्याच महिन्याच्या पहिल्या तारखेला एक आई आणि तिचा तरुण मुलगा गाडीतून बटलरच्या कुंपणासमोरून चालले होते. गाडीचा काहीतरी मोठा आवाज झाला आणि पहारेकऱ्यांना तो गोळीबार वाटला. त्यांनी दुसरी गाडी काढून पाठलाग केला, गोळ्या झाडल्या. टायर फुटला आणि मायलेकांची गाडी रस्त्यालगतच्या चरात गेली. त्यांना पकडून मारहाण झाली.

ती बाई वकील गिसेल यांच्यापर्यंत पोचली. गिसेल यांनी अलाबामातल्या सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या संस्थेचे वकील मॉरिस डीस यांना सोबत घेतलं. दाव्याची मांडणी नीट समजून घेण्यासारखी आहे. अमेरिकेत विचार बाळगणं, मग तो कितीही विषारी असो, गुन्हा नाही. म्हणून प्रश्न एवढाच ठेवला : बंदुका घेऊन पहारा देणारी ही माणसं कुणी नेमली, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी कुणाची होती? ७ सप्टेंबर २००० रोजी कोर्डलेनमध्येच, स्थानिक ज्युरीनं बटलर आणि त्याच्या संघटनेला बेफिकिरीबद्दल जबाबदार धरलं. भरपाई ६३ लाख डॉलर.

बटलरचं दिवाळं निघालं. लिलावात ती वीस एकर जागा त्याच मायलेकांच्या नावावर झाली. त्यांनी ती मूळच्या आयडाहोच्या ग्रेग कार यांच्या प्रतिष्ठानला विकली. २००१ मध्ये तिथल्या इमारती अग्निशमन दलाला सरावासाठी दिल्या गेल्या. जवानांनी आग लावली, आग विझवली, पुन्हा लावली. उरलं ते यंत्रांनी सपाट केलं.

(दृश्य : मोकळं कुरण. गुडघाभर गवत. दूरवर झाडं.)

आज तिथे हे असं आहे. मनोरा कुठे होता, हे सांगायला कुणीतरी जाणतं लागतं.

इथेच ही फिल्म थांबवता आली असती. बऱ्याच लोकांनी ही गोष्ट इथेच थांबवली. बटलर २००४ मध्ये वारला, आता काय उरलं, असं त्यांना वाटलं. पण कुंपणाच्या आतला द्वेष निदान दिसत तरी होता. त्याला पत्ता होता.

मार्च २०२४ मध्ये युटा विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन शहरी राष्ट्रीय स्पर्धेसाठी आला आणि कोर्डलेनच्या हॉटेलात उतरला. संध्याकाळी सगळ्या जेवायला पायी निघाल्या. शेजारून ट्रक गेला, इंजिनाचा कर्कश आवाज करत, आणि आतून कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी ओरडली गेली. जेवून परततानाही पुन्हा तेच. भेदरलेल्या मुलींना दुसऱ्या गावी हलवावं लागलं. विश्रांती घ्यायची, खेळाचा विचार करायचा, त्या वेळी त्या बॅगा भरत होत्या. सामना अवघ्या काही तासांवर किंवा दिवसांवर असताना खेळाडूला काय लागतं, हे खेळलेल्या कुणालाही विचारा.

महापौरांनी माफी मागितली. समितीची माणसं, त्यातली काही १९८१ पासूनची, पुन्हा एकदा माईकसमोर उभी राहिली आणि त्या मुलींची बाजू घेतली.

तपासात एका १८ वर्षांच्या मुलानं ओरडल्याचं कबूल केलं. मे महिन्यात सरकारी वकिलांनी खटला न भरण्याचं ठरवलं. शब्द अत्यंत घृणास्पद, पण धमकावण्याचा हेतू सिद्ध करता येत नाही, आणि बोलण्याला घटनेचं संरक्षण आहे. ज्या कायद्याचा विचार करून तो लागू होत नाही असं ठरलं, त्यात १९८३ चा तो कायदाही होता. ज्यासाठी या माणसांनी राजधानीत खेटे घातले होते, तोच.

(दृश्य : सभागृह. खुर्च्यांच्या रांगा. दारातून मुलं आत येताहेत.)

समितीचं एक काम १९८० च्या दशकापासून चालत आलं आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सुमारास पाचवीच्या मुलांना एकत्र आणायचं, त्यांना गाणी, भाषणं, गोष्टी ऐकवायच्या आणि त्यांच्याकडूनही ऐकायच्या. ट्रकमधला मुलगा याच वयातून पुढे गेला होता.

जानेवारीत पाचवीची नवी मुलं येतात. जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवतात आणि बसतात.